आधी ओव्या सोडवा, मग विंडोज सोडा

पत्र

मी परभणी जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१. फंडाचे पैसे आले तेव्हा, २०१४ साली, कॉम्प्युटर घेतला. आय-थ्री, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, असं नातवानं झाकण उघडून सांगितलं. आईच्या आणि गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्या गेली काही वर्षं वर्डमध्ये कृतीदेव फॉन्ट लावून टाइप करतोय. साडेसहाशे झाल्या. आता विंडोज १० बंद झालं म्हणतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट ओळ तर पहिल्यापासूनच आहे. दुकानदार म्हणतो, हा डबा भंगारात द्या, नवा घ्या. नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, आजोबा, विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकू, फुकट आहे. फुकट म्हटलं की मला धास्ती वाटते. माझ्या फायली उघडतील का? मागं नातवाला फोनवर एक ओवी पाठवली तर त्याला नुसता इंग्रजीचा काला दिसला. माझी बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, बसलेली आहेत, आता दुसरं काही शिकणार नाहीत. प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० आहे, तो चालेल का? बँकेचं काय, व्हायरसचं काय? पुढंमागं पुस्तक छापायचं तर प्रेसवाला पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅमची फाईल मागतो. आणि हिची एकच अट आहे: "महं भजन बंद पडाय नाही पाहिजे."

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

पुढचं वाचायच्या आधी उठा आणि एक काम करा. ओव्यांच्या सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर घ्या. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर परत घ्या. एक कपाटात ठेवा, दुसरा घराबाहेर, लेकीकडं, शेजारच्या मास्तरांकडं, कुठंही. २०१४ पासून गरगर फिरणारी हार्डडिस्क आहे ती. विंडोज राहो की लिनक्स येवो, ती काही तुम्हाला विचारून बंद पडणार नाही.

झालं? आता निवांत बसू.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. म्हणून कॉम्प्युटर सुरू व्हायचा थांबत नाही. घर बांधणारा गवंडी गाव सोडून गेला, अशी गत समजा. भिंती उभ्याच आहेत, पण पावसाळ्यात गळायला लागलं तर कुणी बुजवायला येणार नाही. घरगुती वापरणाऱ्यांना एक वर्षाची वाढीव मुदत मिळू शकते, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण ती रीतसर घेतलेल्या विंडोजला. आणि तुमची ती कोपऱ्यातली पुसट ओळ वाचून मला हसू आलं. गुरुजी, ते विंडोज तुम्ही विकत घेतलेलंच नाही. कॉम्प्युटरचं बिल असेल, विंडोजचं नसेल. दुकानात होती ती सीडी घातली आणि काम भागलं. आपल्याकडं हे इतकं सर्रास चालतं की त्याला चोरी म्हणताना जीभ अडखळते.

विंडोज ११ चं म्हणाल तर त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. तुमची चौथी पिढी. आडवाटेनं ते घुसवणारे लोक आहेत, पण बारा वर्षं बिनबिलाच्या विंडोजवर काढल्यावर पुन्हा तसलंच लचांड कशाला?

म्हणून यंत्र भंगारात द्यायचं? मुळीच नाही. टाइप करायला, वाचायला, भजन ऐकायला चौथ्या पिढीचा आय-थ्री आजही पुरून उरतो.

आता ती फुकटाची धास्ती. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या पोरानं, तुमच्या नातवाच्याच वयाच्या, १९९१ साली या सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला आणि लोकांपुढं ठेवला. त्याच्या आधी आठ वर्षं अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरची मोहीम सुरू केली होती. त्या मोहिमेतली अवजारं या गाभ्याला मिळाली आणि सिस्टिम उभी राहिली. तिच्या परवान्यातली अट अशी: कुणीही घ्या, वापरा, बदला, पण बदलून दुसऱ्याला दिलंत तर तुमचा बदलही तसाच उघडा करून द्या. तुम्हाला हे मी काय समजावणार? वसमतची पोर सेलूला नांदायला जाते, ओवी तिच्याबरोबर जाते, तिथं ती भावाचं नाव बदलते, एक ओळ जोडते, पुढं तिची सून तेच उचलते. मालक कोण? साडेसहाशे ओव्या तुम्ही उतरवल्यात, त्यातल्या एकीसाठी तरी कुणाला पैसे मोजले का?

फरक एवढाच की लिनक्समागं आज पगारी माणसंही आहेत. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं त्यावर चालतात, म्हणून त्या स्वतःचे इंजिनिअर त्याच्या देखभालीला बसवतात. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या बुडाशीही हाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर आहेत. आणि तुम्ही मास्तर म्हणून हेही सांगते, केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकवतात.

आता मुख्य गोष्ट. ती लिनक्सची नाही, कृतीदेवची आहे.

तुमच्या फायली उघडतील का? उघडतील. लिनक्सबरोबर लिब्रेऑफिस येतं, ते वर्डच्या फायली वाचतं. जुन्या विंडोजमधून कृतीदेवची फॉन्ट-फाईल उचलून नव्या जागी ठेवली की अक्षरं पहिल्यासारखी दिसायला लागतात. नातवाचं पाच मिनिटांचं काम. पण मी तुमच्या जागी असते तर एवढ्यावर थांबले नसते.

तुम्ही कृतीदेवमध्ये 'मराठी' लिहिता तेव्हा कॉम्प्युटरला त्यात मराठी काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी तिथं ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर सोंगं चढवतो. ईवर म, जेवर र, केवर काना, मोठ्या बीवर ठ, एचवर दुसरी वेलांटी. सोंग उतरलं की खाली इंग्रजी. तुमची 'आई' म्हणजे व्ही, के, बी आणि मोठा झेड. नातवाच्या फोनवर कृतीदेव नव्हता, म्हणून त्याला आतला खरा मजकूर दिसला. तो काला बिघाडामुळं झालेला नव्हता. तुमच्या साडेसहाशे ओव्या आत तशाच आहेत. फाईलमध्ये 'पंढरी' किती ठिकाणी आली हे फोनवर शोधायला जा, एकही सापडणार नाही.

आपल्या मराठवाड्याला हे दुखणं नवं नाही. २०२३ साली निजामकाळातल्या जुन्या नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हा आठवतंय ना? कागद कचेऱ्यांच्या कपाटात होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकून आणावी लागली. कृतीदेवची फाईल त्याच वाटेवर आहे. आणखी वीस वर्षांनी तुमचा पणतू ती उघडेल तेव्हा तो फॉन्ट कुठून आणेल?

यावर उतारा म्हणजे युनिकोड. त्यात 'म' ला स्वतःचा क्रमांक आहे. तो विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर, सगळीकडं 'म'च असतो. योगायोग बघा, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे.

कृतीदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. इथं चिटकवा, तिथून उचला, इतकं सोपं. तेवढ्यावर विसंबू नका. मी नांदेडला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं शिकवलं. एकदा एका शाळेच्या स्मरणिकेची पन्नासेक पानं अशीच कन्व्हर्टरमधून काढून मी वर न बघता छापायला दिली. छापून आली तेव्हा पानोपानी 'आई' च्या जागी 'आर्इ'. मुलांनी आईवर लिहिलेले निबंध होते हो ते. कारण असं की कृतीदेवमध्ये 'ई' ला स्वतःची कळच नाही. आपण इ काढतो आणि वर रफार ठेवतो, डोळ्याला ई दिसते. अर्धकच्चा कन्व्हर्टर इमानेइतबारे रफार उचलतो आणि र् करून इ च्या आधी बसवतो. आता तुमच्या ओव्यांमध्ये बाई, आई, माई, विठाबाई किती वेळा येत असतील, तुम्हीच मोजा.

म्हणून आधी कन्व्हर्टरची परीक्षा घ्या. तुमचं जन्मभराचं काम तेच. एका कोऱ्या पानावर कृतीदेवमध्ये एवढे शब्द लिहा: आई, बाई, कार्तिकी, पऱ्हाटी, तुळस, श्रावण, उद्धव. 'कार्तिकी' सगळ्यांत कठीण पेपर आहे. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करावी लागते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. 'त' च्या आधी वेलांटी, नंतर रफार, अशी ती गाठ नीट सुटली तर समजा कन्व्हर्टर बरा आहे. 'पऱ्हाटी' मध्ये हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर हमखास नापास होतात. आपला तो अर्धा, आडवा र हिंदीला लागत नाही, मग ते 'पर्हाटी' करून ठेवतात. सात शब्द बरोबर आले की एक पानभर ओव्या घाला. चुकले तर दुसरा कन्व्हर्टर बघा.

मग वाचन. एकट्यानं वाचू नका. स्क्रीनवरून तुम्ही मोठ्यानं वाचा, बाईंना वही हातात देऊन बसवा. डोळा सवयीनं चूक गिळतो, कान गिळत नाही. ओवीची चाल माहीत असलेल्या माणसाला एक मात्रा इकडची तिकडं झाली तरी ठेच लागते. रोज तीस ओव्या धरल्या तर तीन आठवडे लागतील. हे सगळं अजून चालू असलेल्या विंडोजवरच करा, सिस्टिम बदलायच्या आधी. दिवाळीला नातू येईल तेव्हा त्याच्यापुढं फायली युनिकोडमध्ये तयार ठेवायच्या.

कृतीदेवच्या मूळ फायली मात्र पुसू नका. कागदाच्या वह्या तर नाहीच नाही.

बोटांचं काय? बोटं आहे तिथंच राहतील. कृतीदेवचा आग्रह सोडला म्हणून रेमिंग्टन सोडावा लागतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. मीही पूर्वी विद्यार्थ्यांना तसंच सांगायचे. फॉन्ट वेगळा, कळांची मांडणी वेगळी. लिनक्सवर आयबस नावाची सोय आहे. तिला एम-सतरा-एन हा जोड बसवला की मराठीच्या खाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि रेमिंग्टन असे पर्याय दिसतात. (नावाला हसू नका. 'बहुभाषीकरण' या अर्थाच्या इंग्रजी शब्दात पहिल्या एम आणि शेवटच्या एनच्या मधे सतरा अक्षरं येतात, म्हणून एम-सतरा-एन. कॉम्प्युटरवाल्यांची विनोदबुद्धी ही अशी.) दोनचार जोडाक्षरांच्या कळा इकडंतिकडं वाटतील, त्यांचा कागद की-बोर्डशेजारी चिकटवून ठेवा. फॉन्टलाही तोटा नाही. आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडायला विसरू नका, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

आता प्रत्यक्ष लिनक्स टाकायचं कसं. इथं नातवाला हे पत्र वाचायला द्या.

बाळा, आजोबांच्या कॉम्प्युटरवर तुझ्या आवडीचं काही टाकू नकोस. वसतिगृहात मित्रांसमोर मिरवायला जे वापरतोस ते तिथंच बरं. इथं लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाक. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, विंडोज वापरलेल्या माणसाला घर बदलल्यासारखं वाटतं, गाव बदलल्यासारखं नाही. मिंट २२ ची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे. यंत्र ४ जीबीचं आहे, म्हणून मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घे, ती हलकी आहे. बोर्डवर जागा असेल तर जुन्या धर्तीची डीडीआर-थ्री रॅम घालून ८ जीबी कर.

आणि गुरुजी, खर्च करायचाच असेल तर एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क घ्या, २५६ जीबीची, साध्या साटा जोडणीची. नव्या कॉम्प्युटरच्या मानानं किंमत किरकोळ. तुमचं यंत्र हळू चालतं त्याचा मोठा दोष प्रोसेसरचा नसून त्या फिरत्या हार्डडिस्कचा आहे. पण मी एसएसडी सांगतेय त्याचं माझ्या दृष्टीनं खरं कारण निराळं. जुनी हार्डडिस्क सोडवून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवता येते. विंडोज तिच्यावर जसंच्या तसं राहतं. नव्या डिस्कवर लिनक्स. नाही जमलं, नाही आवडलं, तर दोन वायरी बदलल्या की आजोबा पुन्हा जुन्या जागी.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पहिल्यांदा लिनक्स टाकताना, २०१२ च्या सुमाराला, मी घाईघाईत 'सगळी डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय दाबला. मला वाटलं सी ड्राइव्हच पुसला जाईल. डी ड्राइव्हवर भाचीच्या लग्नाचे फोटो होते. डिस्क म्हणजे अख्खी डिस्क, सी-डी-ई हे आपण पाडलेले वाटे, हे मला त्या दिवशी कळलं. बहीण आठ महिने बोलली नाही. म्हणून इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची वायर काढलेलीच असू द्या. जी जोडलेली नाही ती पुसता येत नाही.

त्याच्याही आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघा. सुमारे ३ जीबीची फाईल उतरवायची, रुफस किंवा एचर नावाच्या प्रोग्रॅमनं ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. काही इन्स्टॉल होत नाही, काही पुसलं जात नाही. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं मात्र जातं, तेव्हा ओव्यांचे दोन पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नका! असं चालवताना सगळं रेंगाळत चालेल, त्यावरून मत बनवू नका. आवाज येतो का, यूट्यूबवर बाईंचं भजन लागतं का, एवढं बघा. वायफायची ती छोटी यूएसबी दांडी वापरत असाल तर कधीकधी ती ओळखली जात नाही. मग फोन वायरनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळेल, ते बहुतेक लगेच चालतं. पहिल्याच दिवशी सिस्टिम भरपूर अपडेट मागेल, फोनचा रोजचा डेटा त्यात संपेल, तेवढी तयारी ठेवा.

आणि लाईट. इन्स्टॉल करताना मधेच लाईट गेली तर काम अर्धवट राहतं आणि पहिल्यापासून करावं लागतं. तुमच्याकडचं वेळापत्रक तुम्हाला ठाऊक. इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्युटर त्याच्यावर घ्या, नसेल तर लाईट ज्या वेळी टिकते त्या वेळी बसा. एसएसडीवर अर्ध्या तासाच्या आत आटोपतं.

मेन्यू मराठीत मिळतात, पण भाषांतर कुठं पुरं तर कुठं अर्धं आहे. नातू फोनवर 'सेटिंग्ज' म्हणेल आणि तुम्ही मराठी शब्द शोधत बसाल. मेन्यू इंग्रजीतच राहू द्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. पुस्तकी लोक याला नावं ठेवतात, पण तुमच्या घरात चोर वही चाळायला येणार नाही आणि पासवर्ड विसरण्याची शक्यता मात्र मोठी.

प्रिंटरबाबत तुम्हाला खोटी आशा लावत नाही. एलबीपी २९०० चांगला, चिवट प्रिंटर, पण तो कॅप्ट नावाच्या स्वतःच्याच बोलीत बोलतो. लिनक्सला ती शिकवता येते, पण खटपट आहे, आणि मोठ्या अपडेटनंतर पुन्हा करावी लागू शकते. नातवानं एक दुपार प्रयत्न करावा. नाहीच जमलं तर लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढा आणि तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडं छापून घ्या. तुम्ही महिन्याला किती पानं छापता? पाच-सात असतील तर त्यासाठी बाकीचं सगळं अडवून धरू नका.

बँक, सातबारा, वीजबिल हे सगळं फायरफॉक्समध्ये चालतं, जसं आत्ता चालतं तसंच. हयातीचा दाखला तुम्ही बँकेत सही करून देत असाल, त्याचा याच्याशी संबंध नाही. पेनड्राइव्हमधून येणारा तो शॉर्टकटवाला व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला असतो, लिनक्सवर तो नुसता पडून राहतो. फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्या भामट्याला मात्र तुमच्या घरात कुठली सिस्टिम आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिथं तुम्हालाच सावध राहावं लागेल.

पेजमेकर लिनक्सवर नाही, आणि त्याची हळहळही नको. कंपनीनं त्याचं काम २००४ मध्येच थांबवलं. प्रेसवाला अजून तेच मागतो कारण त्याच्याकडं तेच आहे. त्याला म्हणावं, मजकूर युनिकोडमध्ये देतो, मांडणी तुझी तू कर, किंवा मी तयार पीडीएफ देतो. दोन्ही नको म्हणाला तर दुसरा प्रेसवाला बघा. परभणीत नसेल तर नांदेडला नाहीतर संभाजीनगरला मिळेल.

जाता जाता दुसऱ्या वाचकांसाठी एक सूचना. ज्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर दुकानाचा टॅलीचा हिशेब चालतो त्यांनी गुरुजींना दिलेला हा सल्ला आपल्याला लावून घेऊ नये. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि धंद्याच्या हिशेबावर प्रयोग करू नयेत.

गुरुजी, आधी ते सात शब्द कन्व्हर्टरमधून काढा आणि मला पाठवा. 'कार्तिकी' कशी आली ते मला बघायचंय. आणि तुमच्या आईची एखादी ओवीही सोबत पाठवा. यावेळी ती माझ्या फोनवर वाचता येईल अशी.